केंद्र सरकार हलत नाही, मग सोसायटीने काम करून काय उपयोग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर 120 घरांची सोसायटी आहे. समितीतल्या काहींना गच्चीवर सोलर बसवायचं आहे, काहींना ओल्या कचऱ्याचं खत करायचं आहे. बाकीच्यांचं म्हणणं असं की हवामान बदलाबाबत केंद्र सरकारच हातावर हात ठेवून बसलंय, कोळसा जळतोच आहे, मग आपण दहा-पंधरा लाख घालून काय मिळवणार? नेरूळ-ऐरोलीकडे खाडी आणि कांदळवनांचा जो प्रश्न आहे त्यात सोसायटीसारख्या संस्थेने पडावं का, हेही विचारलं आहे.

आधी केंद्राचं बघू. 'सरकार काहीच करत नाही' असं म्हणून बैठकीत वाद सुरू केला की तो तिथेच हरतो, कारण समोरचा लगेच आकडे काढतो, आणि ते खरे असतात. 2030 पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांची करायची, असं भारताने जाहीर केलं होतं. तो टप्पा 2025 च्या मध्यालाच गाठला. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सौर पॅनल रात्री थंड पडतं, कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो. त्यामुळे देशात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरं उद्दिष्ट 45 टक्के कपातीचं. ती कपात एकूण उत्सर्जनातली नाही. 2005 च्या तुलनेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन कमी करायचं आहे. उत्पन्न वाढत राहिलं तर उद्दिष्ट पूर्ण होऊनही एकूण धूर वाढू शकतो.

खरी ढिलाई कुठे आहे ते नेमकं सांगता आलं पाहिजे. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात 21 मार्च 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये धरला, आणि देशात या विषयावर एकसंध कायदा नाही हेही नोंदवलं. राज्यांना पूर, उष्णता, दुष्काळ यांच्या तयारीसाठी पैसे देणारा राष्ट्रीय अनुकूलन निधी 2015 मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये योजना म्हणून बंद झाला. औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा घातली. ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून मोकळं केलं. गंधकवायू हा हवामान बदलाचा थेट प्रश्न नव्हे, पण कोळशाच्या केंद्रांपुढे नियम किती टिकतो ते यातून कळतं. आणि आपल्या खाडीला थेट भिडणारी गोष्ट म्हणजे 2019 ची किनारा नियमन अधिसूचना. तिनेही, 2011 च्या अधिसूचनेप्रमाणेच, कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा राखीव पट्टा एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनापुरताच ठेवला.

पण जबाबदारी सगळी दिल्लीत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणी, घनकचरा, नगररचना, शहरी वनीकरण आणि पर्यावरण रक्षण ही कामं नगरपालिका-महापालिकांच्या नावावर लिहिलेली आहेत. कचऱ्याचे, बांधकामाचे, झाडांचे, पाणथळीचे नियम कागदावर आहेत आणि त्यातले बरेच कडक आहेत. ते पाळले जात नाहीत ते वॉर्डात, आणि अनेकदा सोसायटीच्या कंपाउंडच्या आत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्थानिक काम हे केंद्राच्या कामाला पर्याय नाही. तुमच्या गच्चीवरचं सोलर कोळशाचं एकही केंद्र बंद करणार नाही. पण जे कायद्याने आधीच करायला हवं ते मोजून, नोंदी ठेवून केलं, तर दोन गोष्टी होतात. पूर-उष्णतेची झळ तुमच्यापुरती कमी होते, आणि वर बोलायला पुरावा हातात येतो. नोंदीविना केलेलं काम, मग ते शंभर रोपं लावण्याचं का असेना, दोन वर्षांत पुसून जातं.

आता 120 घरांचा हिशोब. घरटी रोज साधारण 600 ग्रॅम ओला कचरा धरा, म्हणजे रोज 70 किलो, वर्षाला 25 टन. हा कचरा डम्पिंगवर ढिगाखाली हवेविना सडतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबाने 80 पट. ढीग किती उंच आणि किती दाबलेला यावर आकडा बदलतो, पण टनामागे अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन धरायला हरकत नाही. म्हणजे वर्षाला 12 ते 25 टन. आता सोलर. 25 किलोवॉटचा संच आपल्याकडे वर्षाला 33 हजार युनिटच्या आसपास देतो. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 23 टन वाचतात. दोन्हींचा परिणाम जवळपास एकाच मापाचा, खर्च मात्र कुठच्या कुठे. खताचा सांगाडा दीड-दोन लाखांत उभा राहतो. सोलर अनुदान वजा जाता दहा लाखांच्या आसपास जातं, पण ते पैसे बिलातून परत येतात. भारताचं कार्बन डायऑक्साइडचं वर्षाचं उत्सर्जन सुमारे तीन अब्ज टन आहे, त्यापुढे तुमचे पंचवीस टन काहीच नाहीत. हेही बैठकीत लपवू नका, कारण काम करण्याची कारणं दुसरी आहेत.

माझा सल्ला, आधी कचरा. एक तर रोज सरासरी 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांपासून आहे. 70 किलो ओला आणि 40 किलो सुका धरला की तुम्ही त्यात बसता. दुसरं, ठाण्याने आपला कचरा दिवा गावात टाकून तिथल्या लोकांना काय सोसायला लावलं ते सगळ्यांना माहीत आहे. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

जागा किती लागते? एक मीटर लांब, रुंद, उंच असे लोखंडी जाळीचे दहा कप्पे, पाच-पाचच्या दोन ओळी, मधे दीड मीटर वाट. दोन गाड्यांच्या पार्किंगइतकी जागा. 70 किलो ओला कचरा आणि त्याच्या निम्म्याहून जास्त घनफळाचा सुका पाला मिळून रोज 200 लिटरच्या आसपास भर पडते, त्यामुळे एक कप्पा पाच दिवसांत भरतो. दहावा भरेपर्यंत पहिल्याला 45 दिवस झालेले असतात आणि तो रिकामा करता येतो. वर पत्रा हवाच, आणि तो दोन फूट पुढे आलेला हवा, कारण आपल्याकडे पाऊस तिरका येतो. खाली कोबा करून एका बाजूला बारीक उतार द्या म्हणजे निथळणारं पाणी एका बादलीत जमेल. ते दहापट पाणी घालून झाडांना चालतं.

भरताना तळाला एक वीत काड्या आणि जाड पाला, त्यावर बारीक केलेला ओला कचरा चार बोटं, त्यावर सुका पाला किंवा कोकोपीट, मग पुन्हा कचरा. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा शेणाचं पाणी पुरतं. महागड्या पावडरी विकत घ्यायची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधोमध हात घालवणार नाही इतकी उष्णता यायला हवी, 55 ते 65 अंश. ती आली नाही तर एक तर ढीग फार कोरडा आहे किंवा फार ओला. मूठभर माल हातात घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर बरोबर, धार लागली तर जास्त ओला, आणि मूठ उघडल्यावर भुसभुशीत पडला तर कोरडा. वास हे दुसरं माप. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुका पाला कमी पडतोय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा जात नाही, म्हणजे लगेच उलथून पाला मिसळायचा. चिलटं दिसली तर वरचा थर उघडा राहतोय. पांढऱ्या अळ्यांना घाबरू नका, त्या काम करतात. फक्त बाहेर येऊ नयेत म्हणून वर पाल्याचा जाड थर ठेवा.

योजना बंद पडतात त्या बहुतेक वेळा पाल्यावाचून. जून ते सप्टेंबर सुका पाला मिळत नाही आणि नेमका तेव्हा कचरा सगळ्यात ओला असतो. फेब्रुवारी ते मेमध्ये पानगळ होते, तेव्हा आवारातला आणि शेजारच्या रस्त्यावरचा पाला झाडूवाल्यांकडून घेऊन गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. चार महिन्यांना दीडशे-दोनशे गोण्या लागतात. हे जमत नसेल तर कोकोपीटच्या विटा मेमध्येच आणून ठेवा. शहाळी, नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडं यात टाकायची नाहीत. ती कुजायला वर्ष घेतात. निर्माल्यातला दोरा, जरी, प्लास्टिकची पिशवी आधी काढायला लावा.

वर्गीकरणाचं काम पहिल्या पंधरा दिवसांत ठरतं. ओला कचरा बांधलेल्या पिशवीत घ्यायचा नाही, उघड्या डब्यातच घ्यायचा, म्हणजे गोळा करणाऱ्याला आत काय आहे ते दिसतं. मिसळलेला डबा शांतपणे परत ठेवायचा आणि वहीत घर क्रमांक लिहायचा. दंड लगेच लावू नका. वहीत जी आठ-दहा घरं पुन्हा पुन्हा येतात तिथे समितीतल्या कोणी तरी जाऊन बोललं की बहुतेक प्रश्न सुटतो. अनेक घरांत डबा बाहेर ठेवणाऱ्या घरकाम करणाऱ्या ताई असतात. त्यांना समजावून सांगितलं नाही आणि मालकांनाच पत्रकं वाटली तर काही बदलत नाही. काम पाहणाऱ्या माणसाला रोज दोन तासांचा वेगळा पगार, हातमोजे, गमबूट आणि जवळ नळ द्या. सफाई कामगारावर 'जाता जाता हेही कर' म्हणून टाकलं की दोन महिन्यांत सगळं बसतं.

चोवीस तासांत खत करणारी विजेची यंत्रं घेऊ नका असं मी सरळ सांगेन. ती कचरा तापवून वाळवतात, कुजवत नाहीत. बाहेर येतो तो तपकिरी भुगा पाणी लागताच पुन्हा सडायला लागतो, आणि वीज भरपूर जाते. 45 दिवसांनी ढीग थंड झालेला, मातीचा वास येणारा आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीतून सहज गळणारा असेल तरच तो खत. रोजच्या 70 किलोमागे 10 ते 14 किलो मिळतं, महिन्याला 300 ते 400 किलो. एवढं खत तुमच्या बागेला जास्त आहे. कोणाला द्यायचं हे आधी ठरवा, नाहीतर गोण्यांचा ढीग हाच पुढचा वाद होतो.

सोलरकडे वळू. आधी सामाईक मीटरचं बारा महिन्यांचं बिल काढा. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांची युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात, म्हणून सर्वांत महाग वीज हीच असते आणि सोलरने आधी हीच वाचवायची. महिन्याला तीन हजार युनिट वापर असेल तर 25 किलोवॉट पुरे. जास्त बसवू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या सोयीत, उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण 31 मार्चला हिशोब मिटतो आणि तेव्हा शिल्लक युनिटांना मिळणारा दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा फार कमी असतो. संचाची क्षमता वीजजोडणीच्या मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही, म्हणून भार कमी असेल तर महावितरणकडे तो आधी वाढवून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये मिळतात, म्हणजे 25 ला साडेचार लाख. अट ही की पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत. योजना केंद्राची आहे, फेब्रुवारी 2024 ची. केंद्रावर नाराज असलेल्यांनीही तिचा फायदा सोडू नये.

गच्चीवर किलोवॉटला 10 चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा धरा. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांची सावली उत्तरेला पडते आणि डिसेंबरात सगळ्यात लांब जाते. तेव्हा सकाळी नऊ आणि दुपारी तीनला फोटो काढून मगच आराखडा मंजूर करा. घोडबंदरला शेजारी नवा टॉवर येत असेल तर त्याची मंजूर उंची आधी बघा. मालिकेतल्या एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या मालिकेची वीज घसरते. सांगाडा वाऱ्यासाठी तपासून घ्या: मुंबई परिसराला भारतीय मानकात 44 मीटर प्रति सेकंद हा मूळ वेग धरतात, आणि तौक्ते वादळाने 2021 च्या मेमध्ये वादळी वारा कागदापुरता नसतो हे दाखवलं. खाडीजवळ, ऐरोली-वाशीकडे तर विशेष, खाऱ्या हवेने साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं; गरम जस्त चढवलेला सांगाडा आणि स्टेनलेसचे नटबोल्ट निविदेत लिहून घ्या. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारा, आणि वॉटरप्रूफिंगचं काम राहिलं असेल तर ते आधी. पॅनल बसल्यावर ते करायचं म्हणजे सगळं उतरवावं लागतं. बांधकामाच्या धुळीमुळे ऑक्टोबर ते मे महिन्यातून दोनदा धुवावं लागतं; गच्चीवर नळाची जोडणी हवी. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावर येते, तेव्हा 'बिघडलं' म्हणून गोंधळ होऊ नये म्हणून सभासदांना आधीच सांगून ठेवा.

पॅनलबाहेर उरलेल्या गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दोन हात द्या. वरच्या मजल्यावर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उष्णता हा आपल्याकडचा दुर्लक्षित धोका आहे, कारण पारा नागपूरइतका चढत नाही. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसं गेली. ठाणे महापालिकेचा उष्णता कृती आराखडा 2024 मध्ये आला. तो वाचा, आणि आपल्या आवारात पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसणाऱ्या सुरक्षारक्षकापासून सुरुवात करा: केबिनवर पांढरा रंग, पंखा, पिण्याचं पाणी, दुपारी बारा ते चार सावलीत ड्युटी.

पावसाच्या पाण्याबद्दल थोडंच. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, 500 चौरस मीटर गच्चीवरून दहा लाख लिटर. येऊरच्या पायथ्याकडे मुरूम आणि फुटलेला कातळ आहे, तिथे गाळणी लावून बोअरवेल पुनर्भरण चांगलं चालतं. नवी मुंबईत खाडीवर भराव टाकून झालेल्या नोडमध्ये (वसाहतींमध्ये) खाली चिकण गाळ आणि खारं पाणी आहे. तिथे शोषखड्डा खणणं म्हणजे खड्ड्यात पैसे घालणं. तिथे टाकी बांधा आणि ते पाणी फ्लशला, बागेला वापरा.

आता खाडी. हे काम सोसायटीच्या कक्षेबाहेरचं नाही, विशेषतः नवी मुंबईत. सिडकोने वसवलेले खाडीलगतचे अनेक नोड मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून डच पद्धतीने धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी नाल्यातून तलावात येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती चढली की झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि तलाव रिकामा होतो. झडपेला पंप लागत नाही, वीज लागत नाही. बिघडतं ते तीन ठिकाणी. झडपेच्या कडेत प्लास्टिक किंवा फांदी अडकते, ती पूर्ण मिटत नाही आणि भरतीचं पाणी उलटं आत येतं. दुसरं, तलाव गाळाने भरतो आणि साठवण कमी होते. गाळावर तिवर (कांदळवनातलं झाड) उगवते, आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाही, म्हणून गाळ तसाच राहतो. तिसरं, समुद्राची पातळी वाढते तसा झडप मिटलेली राहण्याचा काळ लांबतो. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी रस्त्यावर थांबतं.

इथे काही जण 'कांदळवन पाहिजे की घरं' असा सामना लावतात. त्यात पडू नका. तलावाच्या आतली झाडं हा गाळ वेळेवर न काढल्याचा परिणाम आहे. त्याचा निर्णय न्यायालयात, किती झाडं आणि बदल्यात कुठे लावणार हे लिहून व्हायला हवा. खाडीकिनाऱ्याचं कांदळवन हा वेगळा विषय आहे. ते लाटांचा जोर मोडतं, गाळ धरतं आणि चिखलात कार्बन साठवतं. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तरी 2024 च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाशी फ्लेमिंगो मेले. तलावात खाडीचं पाणी येणं बंद होऊन तो सुकला होता.

कांदळवन तोडताना सहसा कोणी दिसत नाही. आधी भरतीच्या पाण्याची वाट बुजते: नळकांड्यांवर राडारोडा पडतो, बांध घातला जातो, किंवा रस्त्याचा भराव अडतो. काही आठवड्यांत तिवर पिवळी पडते, मग वाळते, आणि नंतर 'इथे कांदळवन नाहीच' असं म्हटलं जातं. म्हणून वाळलेल्या झाडांचे फोटो पुरे नाहीत, पाणी कुठे अडलं ते दाखवा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या उधाणाला, भरतीच्या वेळेला, अडथळ्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोत स्थान आणि वेळ उमटू द्या. गूगल अर्थवरच्या जुन्या वर्षांच्या प्रतिमा जोडा.

17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडीवर आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर बंदी घातली. तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. कार्यालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. तक्रार तिथे, वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय हरित लवादात जायची वेळ आली तर पुणे खंडपीठ आहे. लवादाच्या कायद्यातल्या कलम 14 खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. पहिल्या तक्रारीची तारीख जपून ठेवा. 'बघू, करू' म्हणत पत्रव्यवहारात सहा महिने सहज निघून जातात.

तुमच्याच आवारासाठी एक दस्तऐवज मात्र आजच काढा. 20 हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. तुमचं संकुल त्यात असेल तर ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. त्यात सांडपाणी केंद्र किती क्षमतेचं, सोलर किती, कचऱ्याची जागा कुठे, झाडं किती हे अटींसह लिहिलेलं असतं, आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यायचा असतो. बिल्डरने हस्तांतर करताना यातलं काय दिलं नाही ते यावरून कळतं. खतासाठी जागा नाही असं ज्या संकुलांत सांगतात, तिथे अनेकदा मंजूर नकाशात ती दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिथे पार्किंग असतं.

महापालिकेकडे जाताना मागणी अंदाजपत्रकाच्या आधी जायला हवी. अंदाजपत्रक फेब्रुवारीत येतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पत्र द्या. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून प्रशासकच होते. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर नगरसेवक आले आहेत, म्हणजे प्रश्न विचारायला पुन्हा माणूस आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 67-अ नुसार आयुक्तांनी दर वर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो मागवा, मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपये, एक विषय, 150 शब्दांत. 'पर्यावरणासाठी काय केलं' असं विचारलं तर कोरडं उत्तर येतं. अमुक नाल्याचा गाळ कोणत्या तारखांना काढला, किती घनमीटर, वजनकाट्याच्या पावत्यांच्या प्रती द्या, असं विचारा.

आणि दिल्ली? पर्यावरण मंत्रालयाच्या मसुदा अधिसूचनांवर साठ दिवसांत कोणालाही हरकत पाठवता येते. सोसायट्यांची पत्रं बहुतेक एकाच मजकुराची असतात आणि त्यांचं वजन पडत नाही. त्याऐवजी आपल्या वॉर्डातली भरतीची पातळी, साचलेल्या पाण्याच्या तारखा, फोटो यांसह दोन पानं वेगळी लिहा. ठाणे लोकसभा मतदारसंघात घोडबंदर, ठाणे शहर, ऐरोली आणि बेलापूर हे सगळं येतं, म्हणजे खाडीच्या या काठच्या लोकांचा खासदार एकच. अधिवेशनात लेखी उत्तरासाठी प्रश्न द्यायला त्यांना किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी भेटा. तीन प्रश्न लिहून न्या: अनुकूलन निधीऐवजी किनारी शहरांना आता कोणत्या शीर्षकाखाली किती पैसे मिळतात, ठाणे खाडीच्या रामसर क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर हवामान कायद्याचा मसुदा कोणत्या मंत्रालयाकडे आहे. लेखी उत्तर सार्वजनिक नोंद होतं आणि पुढच्या तक्रारीला जोडता येतं.